मीटर चौदा दाखवत होता : एका इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातल्या तीन आठवड्यांत ती गाडी चार वेळा बंद पडली. चारही वेळा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आणि चारही वेळा चालत्या रस्त्यावर नाही, तर मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी वळवून लावताना. मोठी बॅटरी दरवेळी निम्म्याहून जास्त भरलेली होती. शेवटचा प्रसंग नांदेडचा. परभणीचं एक वयस्कर जोडपं हजूर साहिबच्या दर्शनाला निघालं होतं. पार्किंगमध्ये मालकाने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि ते अर्ध्यातच दगडासारखं जड झालं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, गाडी चालायला तयार असल्याची 'रेडी'ची खूण गेली, गाडी जागच्या जागी उभी. अर्ध्या तासाने परत चालू झाली, तीही जणू काही झालंच नव्हतं अशी.

मालक स्वतःच गाडी चालवतो. नांदेड, परळी, औंढा नागनाथ अशा देवदर्शनाच्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या मारतो. गाडी पावणेचार वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात आला.

"दादा, वर्कशॉपवाले कन्व्हर्टर परत गेला म्हणायलेत. अठ्ठेचाळीस हजार सांगायलेत. आधीचा बदलून अजून वर्ष झालं नाही. बाहेरून वायरिंग केलीय म्हणून वॉरंटी बसत नाही म्हणे."

मी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. इलेक्ट्रिक गाड्यांची नारिंगी केबल, म्हणजे मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टची केबल, लागते तिथे मी हात घालत नाही. त्याचं वेगळं प्रशिक्षण, वेगळे हातमोजे आणि वेगळी जबाबदारी असते. पण १२ व्होल्टची बाजू मला कळते, आणि या प्रकरणात सगळं उत्तर त्याच बाजूला निघालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. अशी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला आणि ती दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दोन बॅटऱ्या आणि त्यांच्या मधला दुवा

पेट्रोल गाडीत इंजिन पट्ट्याने अल्टरनेटर फिरवतं आणि अल्टरनेटर छोटी बॅटरी भरतो. इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिन नाही, पट्टा नाही. पण छोटी १२ व्होल्टची बॅटरी आहेच. दिवे, काचा, ब्लोअर, ब्रेकचा पंप, स्टिअरिंगची मोटर आणि सगळे छोटे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड रिले, तेसुद्धा १२ व्होल्टवरच ओढले जातात. त्यामुळे छोटी बॅटरी बसली की मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी हलत नाही.

छोटीला भरण्याचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मोठ्या बॅटरीचे तीनशेच्या वरचे व्होल्ट तो सेकंदाला हजारो वेळा तोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि दुसऱ्या बाजूला चौदाच्या आसपास व्होल्ट देतो. बाहेर पडणारा करंट मात्र दणदणीत, शंभर अँपिअरच्याही पुढे जाणारा. खरा ताण याच बाजूला असतो. उष्णता तयार होते ती मुख्यतः तांब्यात आणि मॉस्फेटमध्ये, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये.

आता मुख्य गोष्ट. कन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी यांची बैलजोडी आहे. कन्व्हर्टर सरासरी भार ओढतो, अचानकचे हिसके बॅटरी झेलते. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की सत्तर-एक अँपिअर क्षणात मागितले जातात. कन्व्हर्टरच्या कंट्रोल सर्किटला तो बदल ओळखून पुरवठा वाढवायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बॅटरी मदतीला येते. जोडीतला एक बैल बसला तर दुसऱ्याच्या मानेवर सगळं जू येतं.

जॉब कार्डवरची एक ओळ

कामाला हात लावण्याआधी मी जुने कागद मागितले. दहा महिन्यांपूर्वी पहिला कन्व्हर्टर वॉरंटीत बदलला तेव्हाचं जॉब कार्ड त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून दिलं. घडी घालून घालून कडा फाटलेल्या. त्यावर पेनाने लिहिलेलं होतं : 'ऑक्स बॅटरी १३.८ व्होल्ट, ठीक.' ऑक्स म्हणजे ऑक्झिलरी, ती छोटी बॅटरी.

ती ओळ मी दोनदा वाचली. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी कितीही नवी असो, विश्रांतीत १३.८ व्होल्ट दाखवत नाही. तिच्यात सहा सेल, प्रत्येकात जेमतेम २.१ व्होल्ट, भरलेली असेल तर १२.६ ते १२.७, निम्मी असेल तर १२.२ च्या आसपास. म्हणजे तो १३.८ बॅटरीचा नव्हताच. गाडी 'रेडी'त ठेवून मोजलेला तो कन्व्हर्टरचा आकडा होता. बॅटरीची तब्येत कोणी तपासलीच नव्हती. नवा कोरा कन्व्हर्टर आणला आणि आजारी बॅटरीच्या गळ्यात बांधून दिला.

त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. स्कॅनरवर कोड आला होता 'डीसी-डीसी आउटपुट व्होल्टेज कमी'. कोड वाचला की हात त्याच वस्तूकडे जातो. पण कोड सांगतो तो फक्त व्होल्ट कुठे कमी पडले हे. कोणामुळे पडले हे सांगत नाही. ताप काखेत मोजला म्हणून दुखणं काखेत नसतं.

मोजमाप

गाडी 'रेडी'त ठेवली, एसी लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर : १३.९.

"मीटर तर चौदा दाखवायलाय की दादा!" मालक म्हणाला. त्याचं बरोबर होतं, आणि अडचण तिथेच होती. कन्व्हर्टर जिवंत असेपर्यंत तो व्होल्ट धरून ठेवतो. बॅटरी मरणपंथाला लागलेली असली तरी मीटरचा आकडा छानच दिसतो. अशा वेळी व्होल्ट नाही, करंट मोजायचा.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कन्व्हर्टरच्या आउटपुट केबलवर अडकवला : ४६ अँपिअर. मग बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर : १४ अँपिअर, बॅटरीच्या आत जाणारे. दहा मिनिटं थांबलो, १४. चाळीस मिनिटांनीही १४. ही ३५ अँपिअर-अवरची बॅटरी. धडधाकट आणि भरलेली असती तर एव्हाना करंट एक-दोन अँपिअरवर उतरला असता. हे पाणी रांजणात साठत नव्हतं, भोकातून वाहून जात होतं.

बोनेटखाली वाकलो तर सडक्या अंड्यासारखा वास. लगेच गाडी बंद केली, दुकानाचं शटर पूर्ण वर घेतलं, पंखा लावला. अती चार्ज होणाऱ्या बॅटरीतून या वासाच्या वायूबरोबर हायड्रोजनही निघतो, त्याला स्वतःला वास नसतो. तिथे एक ठिणगी पुरे. वास विरल्यावर बॅटरीच्या अंगावर हात फिरवला. पॉझिटिव्हच्या टोकाकडची बाजू बाहेर फुगलेली, हाताला चटका देणारी. तापमानाची बंदूक धरली तर ६१ अंश, दुसऱ्या टोकाला ४९.

बॅटरी सोडवून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी १०.६ व्होल्ट. या आकड्यावर फार डोकं चालवावं लागत नाही : पाच सेलचे साडेदहा होतात. सहावा सेल आतून शॉर्ट होता. बॅटरीवर भार टाकून बघणारा लोड टेस्टर लावताच काटा सातपर्यंत खाली आला.

आता हिशेब मांडू. कन्व्हर्टरला चौदा व्होल्ट द्यायला सांगितलेलं आहे. ते सहा सेलमध्ये वाटले तर प्रत्येकाला २.३३ येतात, जे योग्य आहे. पाचच सेल उरले की प्रत्येकाला २.८ येतात. एवढ्या व्होल्टला सेल भरत नाही. त्यातल्या पाण्याचं विघटन होऊन वायू निघतो आणि तो तापतो. १४ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे जवळजवळ २०० वॅट. तेवढी वीज, मोठ्या बॅटरीतून काढलेली, पैसे देऊन भरलेली, उष्णता आणि वायू होऊन जात होती.

कन्व्हर्टरचं काय होत होतं? गाडीची खरी गरज ३२ अँपिअर होती, द्यावे लागत होते ४६. करंट वाढला दीडपटीपेक्षा कमीच. पण तांब्यातली आणि मॉस्फेटमधली रोधाची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ४६ भागिले ३२, त्याचा वर्ग केला की दोनच्या थोडं वर. म्हणजे त्या भागांत दुप्पट उष्णता, तीही सतत, गाडी 'रेडी'त असेपर्यंत प्रत्येक मिनिटाला. बॅटरी भरली की कन्व्हर्टरला जी उसंत मिळायची ती आता कधीच मिळत नव्हती, कारण ही बॅटरी कधी भरणारच नव्हती.

दुपारीच का, आणि वळवतानाच का

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दिवसभर सेल शॉर्ट असतो, मग गाडी सकाळी का थांबत नाही?

सकाळी सहाला गाडी कधीकधी उठायलाच कुरकुर करायची, हे मालकाने नंतर सांगितलं. पण एकदा 'रेडी' झाली की सुरळीत चालायची. म्हणून जुनीच बॅटरी परत जोडून, वास आणि ताप यांच्यावर लक्ष ठेवत, भर दुपारी अडीचला वसमत रोडने झिरो फाट्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. हे धोक्याचं काम आहे, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. त्या दिवशी परभणीत पारा ४३ अंशांवर होता. स्कॅनर लावून ठेवला होता.

निघताना स्कॅनरवर कन्व्हर्टरची करंटची मर्यादा ११० अँपिअर दिसत होती. परत येईपर्यंत त्याचं तापमान ९१ अंशांवर गेलं आणि मर्यादा ६५ वर आली. स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी तो हात आखडता घेत होता. हा बिघाड नाही, ही त्याची समज आहे. बाहेरची हवाच एवढी तापलेली असताना त्याला थंड करणारं पाणी तरी कितीसं थंड राहणार?

दुकानासमोर गाडी उभी केली, टर्मिनलवर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टचा क्षणाक्षणाचा चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडला आणि दुकानातल्या पोराला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. पडद्यावरची रेघ १३.९ वरून सरळ खाली कोसळली, ९.६ पर्यंत. अर्धा सेकंद. डॅशबोर्ड लखलखला, 'रेडी' गेलं. नांदेडला झालं तेच, माझ्या डोळ्यांसमोर.

गणित सोपं आहे. चालू भार ३२, स्टिअरिंगचे ७०, एकूण १०२. थंड कन्व्हर्टर ११० देऊ शकतो, म्हणून सकाळी काहीच होत नाही. तापलेला ६५ देतो. उरलेले ३७ बॅटरीने द्यायचे. चांगली बॅटरी व्होल्ट साडेबाराच्या आसपास आले की खांदा द्यायला लागते. ही बॅटरी मुळात साडेदहाची. व्होल्ट साडेदहाच्या खाली गेल्याशिवाय ती मदत करूच शकत नाही, आणि तोवर गाडीचे कॉम्प्युटर 'वीज गेली' असं समजून बंद झालेले असतात. अर्ध्या तासाने कन्व्हर्टर थंड होतो, मर्यादा परत वर चढते, आणि गाडी चालू. म्हणून वर्कशॉपमध्ये नेली की तक्रार सापडत नव्हती.

बॅटरी इतकी खराब झाली कशी

उन्हाळा हे एक कारण आहेच. शिसे-आम्लाच्या बॅटरीला दर दहा अंश जास्त तापमानामागे आयुष्य साधारण निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी वर्षातले तीन-चार महिने भट्टीतच असते. शिवाय बॅटरी जितकी गरम तितका चार्जिंगचा व्होल्ट कमी ठेवावा लागतो, अंशामागे वीसेक मिलिव्होल्टने. त्यासाठी बॅटरीजवळ तापमानाचा सेन्सर लागतो. या गाडीत तो नव्हता.

पण खरा घाव वेगळाच होता. प्रवासी टॅक्सीला एआयएस-१४० या मानकाचं जीपीएस यंत्र आणि धोक्याचं बटण बसवणं कायद्याने आलं. ते गाडी झोपलेली असतानाही जागं असतं. त्यावर मालकाने डॅशकॅम बसवला होता, उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग करणारा, थेट बॅटरीवर जोडलेला. गाडी लॉक करून तासाभराने मोजलं : गाडीचे स्वतःचे २५ मिलिअँपिअर, जीपीएसचे ३५, डॅशकॅमचे १००. एकूण १६०. दिवसाला ३.८ अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी नऊ दिवसांत रिकामी.

"कधी जास्त दिवस उभी होती का?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. वीस-बावीस दिवस गाडी घरीच होती."

काही इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असताना मधूनमधून स्वतःच जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून छोटीला भरतात. या गाडीत ती सोय नाही. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन दोन आठवडे तशीच पडली. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत. नंतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून जंप देऊन, म्हणजे त्याच्या बॅटरीला केबल जोडून, गाडी उठवली आणि रोजचं काम सुरू झालं. पहिला कन्व्हर्टर त्यानंतर दीड महिन्यात गेला.

आणखी एक गोष्ट त्याने अगदी सहज सांगितली, जी ऐकून मला वाईट वाटलं, कारण ती त्याने चांगुलपणातून केली होती. स्टँडवरच्या दोघा-तिघांच्या डिझेल पिकअप बंद पडल्या तेव्हा त्याने आपल्या गाडीवरून जंप दिला होता. डिझेलचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर सहज ओढतो. इलेक्ट्रिक गाडीची छोटी बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि मागे कन्व्हर्टर चालू असेल तर तो धक्का त्यालाही बसतो. इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका. स्टँडवर हे सगळ्यांना सांगा, असं मी त्याला बजावलं.

दुरुस्ती

कन्व्हर्टरला हात लावला नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराची आणि क्षमतेचीच बॅटरी आणली, ५,२०० रुपयांना. बाजारात एकाने लिथियमची १२ व्होल्टची बॅटरी सुचवली होती, हलकी, टिकाऊ. मी नको म्हटलं. तिची चार्ज होण्याची पद्धत वेगळी, आतला रोध फार कमी. शिसे-आम्लासाठी बनवलेल्या कन्व्हर्टरकडून ती भरेपर्यंत पूर्ण करंट ओढत राहू शकते. एका बैलाचा त्रास काढून दुसरा द्यायचा नव्हता.

बदलताना बॉडी अर्थचा लग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला आवळलेलं निगेटिव्ह केबलचं टोक, सोडला तर खाली पांढरट-हिरवी बुरशी. जुन्या बॅटरीच्या वायूंचाच तो परिणाम. सोडण्याआधी मोजलं होतं : ४६ अँपिअर वाहताना त्या एका सांध्यावर ०.३५ व्होल्ट पडत होते, म्हणजे सोळा वॅट एका नटाखाली. घासून, पेट्रोलियम जेली लावून, नीट आवळल्यावर ०.०४.

डॅशकॅम चावीच्या लाइनवर घेतला. जीपीएस काढता येत नाही आणि काढूही नये. पण गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर मधे दोन-तीनदा तासभर 'रेडी'त ठेवायची, हे घरच्यांनाही समजावून सांगितलं.

मग तोच रस्ता, तीच अडीचची वेळ, पारा ४२. अर्ध्या तासाने बॅटरीत जाणारा करंट १.२ अँपिअर. कन्व्हर्टर एकूण ३३ देत होता. त्याचं तापमान ९१ ऐवजी ७४. मर्यादा ११० वरून हललीच नाही. दुकानासमोर परत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत : रेघ १३.१ च्या खाली गेली नाही. ज्या कन्व्हर्टरचे अठ्ठेचाळीस हजार सांगितले होते, तोच हा.

मात्र हा कन्व्हर्टर पूर्वीसारखा नवा राहिला असं मी मानत नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरचं आयुष्यही उष्णतेने झपाट्याने घटतं, आणि दहा महिने त्याने जास्तीचा ताप सोसलाय. म्हणून दर सहा महिन्यांनी तेच मोजमाप करायला यायचं ठरलं आहे.

जूनपासून तो सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा दीडशे रुपयांचा छोटा व्होल्टमीटर वापरतो. सकाळी गाडी 'रेडी' करण्याआधी, फक्त ॲक्सेसरीवर असताना, आकडा बघायचा आणि मला फोटो पाठवायचा. 'रेडी'नंतरचा आकडा बघायचा नाही, हे त्याला आता माझ्यापेक्षा पक्कं कळलंय. आज सकाळी परळीला निघताना पाठवलेल्या फोटोत १२.६ होते.